तिमाही पत्रक मागणारा राजा

करवीर दरबारच्या गॅझेटात २६ जुलै १९०२ रोजी एक हुकूम प्रसिद्ध झाला. संस्थानच्या नोकरीत यापुढे ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, असा त्याचा आशय होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून उरलेले सारे मागासलेले, अशी व्याख्याही त्यात दिली होती. देशातील आरक्षणाच्या इतिहासात या हुकमाला मानाचे स्थान मिळाले, ते योग्यच आहे. मात्र त्याच्या शेवटी एक लहानसे कलम होते, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्या खात्यात मागासलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक त्याच वर्गातून व्हावी आणि हुकमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचे पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारात धाडावे, असे त्यात फर्मावले होते.

हा हुकूम छापून आला तेव्हा शाहू छत्रपती कोल्हापुरात नव्हतेच. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी ते इंग्लंडला गेले होते. राजा सातासमुद्रापार असताना त्याचा हुकूम पाळला जातो की फडताळात जातो, हे कळावे कसे? त्याची तजवीज त्या शेवटच्या कलमात होती. आठ वर्षे राज्य केल्यानंतर महाराजांना एक गोष्ट पक्की उमगली होती. कचेरीत कोण चांगले काम करतो हे कचेरीच ठरवू लागली, की कचेरीबाहेरचा समाज ज्याला थोर मानतो तोच आतही कर्तबगार ठरतो.

सार्वजनिक सेवेतील कामगिरीचे मूल्यमापन हा विषय आज व्यवस्थापनशास्त्रात शिकवला जातो. सरकारी नोकरांचे गोपनीय अहवाल आणि पुढे त्यांची जागा घेणारे कार्यमूल्यमापन अहवाल यांच्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना त्यातील रकाने ठाऊक असतात. रकाना एकच असला तरी तो भरणाऱ्याच्या मनातली मापे त्याच्या घरातून, जातीतून, शेजारातून आलेली असतात, ही गोष्ट मात्र रकान्यात दिसत नाही. शाहू महाराजांच्या चरित्राकडे आपण समाजसुधारकाचे चरित्र म्हणून पाहतो. ते एका प्रशासकाचेही चरित्र आहे आणि त्या प्रशासकाची अठ्ठावीस वर्षे बव्हंशी याच अदृश्य मापांशी झगडण्यात गेली.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागलचे अधिपती आणि कोल्हापूर संस्थानचा कारभार पाहणारे रीजंट. त्या वेळचे कोल्हापूर दुर्दैवी होते. चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि १८८३ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू ठेवले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात काही वर्षे आणि त्यानंतर धारवाडास फ्रेझर या आयसीएस अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. फ्रेझर यांनी त्यांना पुस्तकी विद्येबरोबर देशभर प्रवास घडवला. बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी १८९१ मध्ये विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाची वीस वर्षेही पुरी झालेली नसताना, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

सूत्रे हाती आली असे म्हणायचे. पण सूत्रे ज्या हातांतून फिरत होती ते हात वेगळेच होते. त्या वेळच्या नोंदींप्रमाणे संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ अधिकारी होते आणि त्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे जेमतेम दहा होत्या. संस्थानच्या सुमारे नऊ लाख प्रजेत ब्राह्मणांचे प्रमाण अत्यल्प होते, हे वेगळे सांगायला नको.

यात कोणाचे कारस्थान होते असे समजणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. मराठी मुलखातल्या कचेऱ्यांत उमेदवारीची प्रथा होती. नोकरी हवी असलेल्या तरुणाने ओळखीच्या अव्वल कारकुनाजवळ येऊन बसावे, बिनपगारी दप्तर लावावे, नकला कराव्यात, मोडीचे वळण घटवावे आणि जागा रिकामी झाली की तीत शिरावे, अशी ती रीत. वर्ष-दोन वर्षे बिनपगारी बसायचे तर घरी खायची सोय हवी आणि जवळ बसवून घेणारा मामा किंवा मेहुणा कचेरीत हवा. शेतकऱ्याच्या पोराजवळ यातले काहीच नव्हते. त्यामुळे जागा रिकामी झाली, की कामाचा माहीतगार म्हणून जो पुढे येई तो त्याच घरातला असे. तो खरोखरच माहीतगार असे, हे महत्त्वाचे. अक्षर सुरेख, हिशेब चोख, जमाबंदीचे नियम तोंडपाठ. मोजण्याची पद्धतच अशी होती, की मोजला जाणारा आणि मोजणारा एकाच ओसरीवर वाढलेले असत आणि दोघांपैकी कोणालाही त्यात काही वावगे वाटत नसे.

त्यातून राजापुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. खालच्या अधिकाऱ्याच्या कामाचा अहवाल वरचा अधिकारी लिहिणार आणि रयतेची तक्रारही त्याच साखळीतून वर चढणार. तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याचाच साडू ती वाचणार. महाराजांनी यावर प्रथम जो उपाय केला तो अगदी जुना, राजेशाही थाटाचा होता. ते स्वतःच फिरू लागले. संस्थानचे दौरे, शिकारीच्या निमित्ताने जंगलातले मुक्काम आणि सोनतळीच्या कॅम्पवरचा खुला दरबार यांतून रयत थेट त्यांच्यापर्यंत पोहोचू लागली. कुणीही यावे, घोंगडे टाकून समोर बसावे आणि आपले गाऱ्हाणे सांगावे. दुष्काळात कोठारे उघडली की नाहीत, प्लेगच्या छावणीत औषध पोहोचले की नाही, हे त्यांना कागदाआधी माणसांकडून कळे. राज्यारोहणानंतर थोड्याच वर्षांत दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे पाठोपाठ आली. त्या काळात हा आडवाटेचा माहितीस्रोत फार उपयोगी पडला. पण नऊ लाखांच्या मुलखाचा कारभार एका माणसाच्या कानांवर कसा चालणार?

दुसरा उपाय माणसे निवडण्याचा. भास्करराव जाधव यांच्यासारख्या हुशार मराठा पदवीधराला त्यांनी १८९५ मध्ये महसूल खात्यात घेतले. रघुनाथराव सबनीस यांना पुढे दिवाणपदी बसवले. सबनीस प्रभू ज्ञातीचे, म्हणजे पुढारलेल्यांपैकीच. महाराजांना ब्राह्मणांचा द्वेष होता असे म्हणणाऱ्यांनी आणि तसे म्हणून खूश होणाऱ्यांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पण एक जाधव, एक सबनीस यांनी कचेरीचा स्वभाव पालटत नाही. उलट, निवडून आणलेला माणूस दहा वेळा तपासला जातो. इतरांची चूक चूक असते, त्याची चूक त्याच्या जातीचा पुरावा ठरते.

याच सुमारास वसतिगृहाचा अनुभव आला आणि तो फार बोलका आहे. कोल्हापुरात १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजाराम वसतिगृह सुरू झाले. दार सर्वांना खुले होते, कागदावर कुणालाही मज्जाव नव्हता. पण व्यवस्था ब्राह्मणांच्या हाती होती आणि पंगत कोणाची, पाणी कोणाचे, या रोजच्या प्रश्नांची उत्तरे तेथे नियमांआधीच ठरलेली असत. काही काळातच ते वसतिगृह व्यवहारात एकाच जातीचे होऊन बसले. समान नियमाला समाजाने आपल्या वळणावर नेले. यातून महाराजांनी काढलेला निष्कर्ष आजच्या वाचकाला कदाचित रुचणार नाही. त्यांनी सर्वांसाठी एक वसतिगृह हा आग्रह सोडून जातवार वसतिगृहे काढली. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जात मोडायची तर जातीच्या नावाने घरे कशाला, हा आक्षेप तेव्हाही होता. पण उद्याचा कारकून, उद्याचा मामलेदार कोठेतरी आधी दोन वेळ जेवला पाहिजे आणि दिव्याखाली बसून वाचला पाहिजे, हा हिशेब त्यांनी तत्त्वचर्चेच्या वर ठेवला.

मग वेदोक्ताचे प्रकरण उद्भवले. १८९९ मध्ये कार्तिकस्नानासाठी महाराज पंचगंगेवर जात असताना, त्यांच्यासाठी म्हटले जाणारे मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे उघड झाले. पुरोहिताच्या मते छत्रपती शूद्र, म्हणून त्यांना पुराणोक्तच योग्य. या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे. धर्म, क्षत्रियत्व, शिवराज्याभिषेकाची परंपरा या अंगांनी त्याची चर्चा होत आली. त्याची एक बाजू मात्र निव्वळ कारभाराची आहे. राजोपाध्ये हे दरबारचे वंशपरंपरागत नोकर होते, त्यांना त्या चाकरीसाठी इनामे होती. चाकरी कोणत्या प्रकारची करायची हे धन्याने ठरवावे की चाकराने? राजोपाध्यांचे म्हणणे असे, की इनाम आपले आणि चाकरीचे शास्त्रही आपलेच. महाराजांनी घाई केली नाही. समिती नेमली, खुलासे मागवले, मुदती दिल्या. वेदोक्त कर्म करण्यास अखेरपर्यंत नकार आला तेव्हा मे १९०२ मध्ये इनामे जप्त झाली. इंग्रज सरकारकडे अपिले गेली, ती फेटाळली गेली. नोकरी करायची नाही आणि तिचा मोबदला मात्र पिढ्यान्‌पिढ्या घ्यायचा, ही गोष्ट चालणार नाही, असे संस्थानात प्रथमच कोणीतरी इतक्या उंचावरच्या चाकराला सांगितले होते.

इनाम जप्त झाले मे महिन्यात आणि पन्नास टक्क्यांचा हुकूम निघाला जुलैत. टीकाकारांनी हे दोन्ही एकत्र जोडून सूडाचा ठपका ठेवला. केसरीसह पुण्या-कोल्हापुरातील अनेक पत्रांनी हुकमावर झोड उठवली. कार्यक्षमता बुडेल, नालायकांची भरती होईल, दप्तर कोसळेल, हा टीकेचा मुख्य सूर होता. तो सूर आपल्याही परिचयाचा आहे.

या वादाशी निगडित एक आख्यायिका कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सांगलीकडचे एक वकील महाराजांना भेटले आणि नोकऱ्या लायकी पाहूनच द्याव्यात असा युक्तिवाद करू लागले. महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. घोड्यांच्या तोंडाला चंदीचे तोबरे बांधलेले होते. महाराजांनी तोबरे सोडायला लावले, चंदी एका जाजमावर ओतायला लावली आणि सगळे घोडे मोकळे सोडायला सांगितले. दांडगी जनावरे पुढे घुसून खाऊ लागली. म्हातारी, लंगडी आणि शिंगरे मागे उभी राहून लाथा खात राहिली. वकीलसाहेब काय समजायचे ते समजले. गोष्ट घडली तशीच घडली असेल की सांगता सांगता ती घोटीव झाली, यात शिरण्याचे कारण नाही. मला त्यातला पागेचा तपशील महत्त्वाचा वाटतो. महाराजांना जनावरांची पारख होती. कोणत्या घोड्याला किती खुराक दिला म्हणजे तो किती मजल मारील, हे त्यांना हाताला ठाऊक होते. उपाशी घोड्याची चाल पाहून त्याची जात ठरवणारा माणूस त्यांच्या दृष्टीने पारखी नव्हताच.

तिमाही पत्रकाचे काम कसे चालले असेल याची कल्पना करता येते. खातेप्रमुखाला आता दर तीन महिन्यांनी लेखी उत्तर द्यावे लागणार. योग्य उमेदवार मिळाला नाही असे तो एकदा लिहील, दोनदा लिहील. तिसऱ्यांदा लिहिताना त्याला, आपण कोठे शोधले, हेही सांगावे लागेल. आजवर कचेरीत माणूस कामात चांगला की वाईट एवढेच पाहिले जाई आणि वरिष्ठ कसा आहे हे कोणी पाहत नसे. या कलमाने मापाची दिशा वळवली. कारकुनाच्या अक्षराबरोबर साहेबाने कोणाला जवळ केले, याचाही हिशेब सुरू झाला. १९१२ पर्यंत संस्थानच्या अधिकारपदांची संख्या ९५ झाली होती आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ होते. दप्तर कोसळले नाही. याच काळात शाहूपुरीची पेठ वाढली, भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले, शाळा वाढल्या.

तथापि हुकमातील एक उणीव झाकण्यात अर्थ नाही. मागासलेले म्हणून त्याने ज्यांना एकत्र बांधले, ते एकसारखे मागासलेले नव्हते. मराठा पाटलाचा मुलगा आणि महारवाड्यातला मुलगा एकाच टोपलीत घातले की वरच्या फांदीवरचा आधी हात घालणार, हे पागेतल्या गोष्टीइतकेच स्पष्ट आहे. अस्पृश्यांच्या वाट्याला या निम्म्यातले फारच थोडे आले. महाराजांना हे दिसत होते, असे त्यांच्या पुढील वर्षांतील हुकमांवरून म्हणता येते. ते हुकूम अधिकाधिक नेमके आणि अधिकाधिक कडक होत गेले.

कोल्हापूर शहरातल्या कचेऱ्यांपेक्षा अवघड प्रश्न खेड्यात होता. तेथे सरकार म्हणजे पाटील आणि कुलकर्णी. पाटील बहुधा मराठा किंवा लिंगायत, पुष्कळदा निरक्षर. कुलकर्णी ब्राह्मण, लिहिणारा. दोघेही वतनदार. वतनदाराला कोणी नेमलेले नसते, म्हणून कोणी काढूही शकत नाही. त्याची बदली होत नाही, बढती होत नाही, त्याचा अहवाल कोणी लिहीत नाही. जमीन कोणाच्या नावावर, सारा किती थकला, कोणाची वहिवाट, ही सारी माहिती कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि दप्तर त्याच्या घरात. कुलकर्ण्याविरुद्ध अर्ज करायचा तर तो लिहून कोण देणार? बहुतेक गावांत लिहिता येणारा एकच माणूस होता. सावकारीही अनेकदा त्याच घरात असे. अशा नोकराची कामगिरी मोजायला जगातले कोणतेही पत्रक पुरे पडणार नाही, कारण पत्रक भरणाराही तोच.

महाराजांनी प्रथम पाटलाला शहाणे करण्याचा यत्न केला. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या स्मरणार्थ त्यांनी पाटलांसाठी शाळा काढली; हिशेब, कायदे, दप्तर यांचे शिक्षण तेथे दिले जाई. आपल्या सहीचा कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, एवढी तरी पाटलाची तयारी व्हावी हा हेतू. १९१७ मध्ये त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. मग १९१८ मध्ये मुळावरच घाव घातला. कुलकर्णी वतने रद्द झाली आणि गावोगाव पगारी तलाठी आले. तलाठी हा शब्द आज इतका परिचयाचा, क्वचित इतका बदनाम आहे, की तो एके काळी क्रांतिकारक होता हे सांगितले तर हसू येईल. पण बदली होऊ शकणारा, चौकशी होऊ शकणारा, महिन्याच्या पगारावर जगणारा गावकामगार ही तेव्हा तेथे नवी वस्तू होती. त्या जागांवर महाराजांनी महार तरुणांनाही नेमले. ज्याने चावडीच्या पायरीशी उभे राहायचे तो चावडीत बसून सातबाऱ्याचा हिशेब सांगू लागला, यातला धक्का आकड्यांत मांडता येणार नाही.

विरोध अर्थातच झाला. कुलकर्ण्यांच्या परिषदा भरल्या, लोकमान्य टिळकांच्या पक्षाने त्यांची बाजू उचलून धरली. त्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नव्हते असेही नाही. पिढ्यान्‌पिढ्या दप्तर सांभाळणाऱ्या घरांतून प्रामाणिक माणसेही निपजली होती आणि एका हुकमाने त्यांचे उदरनिर्वाहाचे साधन गेले. नवख्या तलाठ्यांच्या हातून चुका होणेही अपरिहार्य होते. महाराजांनी ती किंमत जाणूनबुजून मोजली. इतिहासाचा कौल मात्र त्यांच्या बाजूने गेला. मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतने नष्ट करण्याचा कायदा केला तो १९५० मध्ये आणि पाटीलकी संपली ती १९६२ च्या कायद्याने.

वतनाचे दुसरे टोक महारवाड्यात होते. तेथे जमिनीचा एक तुकडा साऱ्या भावकीचा आणि त्याच्या बदल्यात साऱ्या भावकीने गावाची व सरकारची वाटेल ती कामे वाटेल त्या वेळी करायची. सांगावा पोहोचवणे, साहेबाचे ओझे वाहणे, मेलेले ढोर ओढणे. या कामाला मर्यादा नव्हती, म्हणून ते कधी पुरे झाले असे होत नसे आणि कधी चांगले झाले असेही कोणी म्हणत नसे. कुलकर्ण्याची कामगिरी मोजता येत नव्हती कारण तो फार वर होता, महाराची मोजता येत नव्हती कारण तो फार खाली होता. १९१८ मध्येच महाराजांनी महार वतन रद्द केले आणि जमिनी रयतावा करून ज्याच्या त्याच्या नावे लावल्या. त्याच वर्षी, जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जातींची रोजची चावडीवरची हजेरी बंद केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते यानंतर दहा वर्षांनी, १९२८ मध्ये.

आणि मग जानेवारी १९१९ चा हुकूम. माझ्या मते महाराजांच्या साऱ्या प्रशासकीय हुकमांत हा सर्वांत धारदार आहे. महसूल, न्याय व इतर खात्यांत अस्पृश्य वर्गातील जे लोक नोकरीस लागले आहेत, त्यांना अधिकाऱ्यांनी ममतेने व समानतेने वागवावे. ज्या अधिकाऱ्याला हे मान्य नसेल त्याने हुकूम हाती पडल्यापासून सहा आठवड्यांच्या आत राजीनाम्याची सूचना द्यावी आणि अशा अधिकाऱ्यास निवृत्तिवेतन मिळणार नाही. सरकारी शाळा-दवाखान्यांत स्पर्शास्पर्श पाळू नये, असेही त्यांनी त्याच वर्षी बजावले. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत घालण्याचा हुकूमही १९१९ चाच. कोणाच्या मनात काय आहे हे महाराज विचारत नव्हते. शिवाशिव पाळणे हा आजवर अधिकाऱ्याचा खाजगी धर्म होता, पुष्कळांच्या लेखी तर ते सभ्यपणाचे लक्षण होते. सहा आठवड्यांच्या त्या मुदतीने तो सेवेतला कसूर ठरला.

कागदावरचे फर्मान माणसांच्या अंगवळणी पाडण्यासाठी महाराज जे करत, त्याचा उत्तम नमुना म्हणजे गंगाराम कांबळे यांचे हॉटेल. गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकर होते. उच्च जातीच्या नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना कडक शिक्षा केली आणि गंगारामना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. शहरात भाऊसिंगजी रस्त्यावर सत्यसुधारक हॉटेल निघाले. महाराच्या हातचा चहा पिणार कोण, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांची गाडी तेथे थांबू लागली. गाडीत सरदार असत, अधिकारी असत. कागदावर सही हवी असलेला अधिकारी राजवाड्यावर आला, तर त्याला गंगारामच्या हॉटेलात भेटायला सांगितले जाई, असे सांगतात. तेथे आधी चहा, मग सही. कोणत्याही सेवानियमात हे कलम सापडणार नाही. पण त्या अधिकाऱ्याच्या पुढच्या वागणुकीवर त्या एका कपाचा परिणाम दहा परिपत्रकांहून अधिक झाला असेल.

येथेच या कारभाराची मर्यादाही दिसते. हे सारे एका राजाच्या इच्छेवर चालले होते. त्याचा धाक होता म्हणून पत्रके येत, त्याची गाडी थांबे म्हणून चहा खपे. राजाच्या वर रेसिडेंट होता आणि त्याच्यावर मुंबई सरकार. त्यांची मर्जी राखत, तिकडे पत्रे धाडत, विरोधकांच्या तक्रारींना उत्तरे देत महाराजांना हे करावे लागे. त्यांचा स्वभाव तापट होता, निर्णय कधी कधी एकतर्फी होत. नेमणुकांत वशिल्याचे आरोप त्यांच्यावरही झाले. मोजमापाची नवी रीत कचेरीच्या हाडात मुरायला जितक्या पिढ्या लागतात, तितका अवकाश त्यांना मिळाला नाही. मधुमेहाने आणि पुत्रशोकाने शरीर खचले होते. धाकटे चिरंजीव शिवाजी १९१८ मध्ये शिकारीत अपघाती गेले, त्यातून ते पुरते सावरलेच नाहीत. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुरस्कारले, त्याच काळात अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. ६ मे १९२२ रोजी पहाटे मुंबईत, खेतवाडीतील पन्हाळा लॉजमध्ये त्यांचे निधन झाले. वय पुरते अठ्ठेचाळीसही नव्हते.

१८९५ मध्ये ज्यांना महसूल खात्यात उमेदवार म्हणून घेतले होते, ते भास्करराव जाधव पुढे मुंबई प्रांताचे मंत्री झाले. मिस क्लार्क वसतिगृहातली मुले शिक्षक झाली, कारकून झाली, तलाठी झाली. आणि कोल्हापुरात नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारण्यासाठी ज्याने पदर पसरला, लोकांकडून पैसे जमवले, तो सत्यसुधारक हॉटेलचा मालक होता.